एकाच पाळीत

नंदिनीला वशिल्याची भयंकर चीड होती, आणि ही चीड तिला परवडणारी नाही असं तिच्या कॉलेजातले सगळे म्हणत. वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती गणित शिकवायची. परीक्षेत वरच्या माणसाच्या पुतण्याची कॉपी तिनं पकडली, आणि पुढं वर्षभर दुपारचे, पोरं पेंगतात ते सगळे तास तिच्याच वाट्याला आले. तिनं ते मुकाट्यानं घेतले. अल्लीपूरच्या एका जिनिंग मजुराची ही मुलगी. कुणी शब्द टाकला म्हणून तिला आयुष्यात काही मिळालं नव्हतं. जे मिळालं ते मार्कांवर. म्हणून आपणही कुणासाठी शब्द टाकायचा नाही, घरच्यांसाठी तर मुळीच नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. आता यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं.

तिचे वडील कवडूजी आणि त्याच गावचे चंद्रभानजी यांनी हिंगणघाटच्या एका जिनात उभा जन्म काढला. कवडूजी बौद्धपुऱ्यातले, चंद्रभानजी पाटलांच्या आळीतले. पण जिनात एक सरकी काढायच्या रेच्यावर उभा राहायचा आणि दुसरा गठाणी बांधायचा, आणि डबा दोघांचा एकत्र सुटायचा. एकाला रातपाळी लागली की दुसरा मुकादमाच्या मागं लागून तीच पाळी मागून घ्यायचा. म्हातारपणी तर हद्दच झाली. कवडूजींच्या किडन्या बसल्या आणि वर्ष पालटायच्या आत चंद्रभानजींच्याही. हे दोघं आजारसुद्धा वाटून घेतात, असं गावातली माणसं हसून म्हणायची, आणि तेही हसायचे.

दोघांच्या बायका गेलेल्या. चंद्रभानजींचा मुलगा सुरतेला, फोनवर भेटणारा. नंदिनी वर्ध्यात खोली करून राहायची आणि रविवारी गावी यायची. बाबांनी वर्ध्याला यावं म्हणून तिनं किती आर्जवं केली. "मंग चंद्रभानकडे कोन पाहीन?" एवढंच ते म्हणायचे. आळशी माणसाचा बहाणा असावा तसं तिला ते वाटायचं.

वर्ध्याला एका धर्मादाय संस्थेचं डायलिसिस केंद्र आहे. तिथं आठवड्यातून दोनदा जायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या आणि रक्त धुऊन होईपर्यंत चार तास पडून राहायचं. चिंधूच्या ऑटोतून दोघं संगतीनं यायचे. केंद्राचा तंत्रज्ञ राकेश हा भला पोरगा, पण कोणाला कोणता वार आणि कोणती पाळी द्यायची हे पांढऱ्या फळ्यावर लिहिता-पुसता तो पार मेटाकुटीला यायचा. एकाला हलवलं की तिघं बोंबलायचे. बाबांना भेटायला आलेल्या नंदिनीनं एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "हे माझ्याकडं द्या."

तिला त्यासाठीची संगणकाची भाषा येत होती. पुण्याच्या एका कंपनीत तिनं काही वर्षं तेच काम केलं होतं: कोणत्या गोदामातून कोणता ट्रक कुठं जावा, ते ती मॉडेलिंगच्या भाषेत लिहायची. या भाषेची गंमत अशी की प्रश्न कसा सोडवायचा ते तिच्यात सांगायचंच नसतं. काय हवं आहे आणि काय चालणार नाही, एवढंच फळ्यावर बीजगणित मांडावं तसं मांडायचं, ते झालं मॉडेल. प्रत्येक रुग्णाला आठवड्यात दोन पाळ्या मिळाव्यात. कोणत्याही पाळीत मशीनपेक्षा जास्त माणसं नसावीत. दोन डायलिसिसच्या मध्ये फार दिवस जाऊ नयेत. माणसांची नावं तिथं येत नाहीत. "प्रत्येक रुग्णासाठी" असं एकदा म्हटलं की झालं. नावं वेगळ्या फाइलीत असतात. मग सॉल्व्हर नावाचा प्रोग्रॅम दोन्ही वाचतो आणि सगळ्या अटी पाळणारं सगळ्यात बरं उत्तर शोधून देतो. नंदिनीला या भाषेचं हेच आवडायचं. अटीला माणसाचं तोंड दिसत नाही.

रविवारी तिनं हे सगळं बाबांना सांगितलं. कवडूजींनी कौतुकानं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले अन् चंद्रभानले एकाच पाळीत टाकजो, बाई."

"काऊन, बाबा?"

"आमी संगंच जातो, संगंच येतो. टाकजो म्हनलं ना."

ऑटो एक आहे, म्हणून म्हणत असतील, असं तिनं धरलं. पण नुसत्या आपल्या बापासाठी अट लिहायची तिला लाज वाटली. तिनं राकेशला विचारून आणखी कोण कोण जोडीनं येतं ते काढलं. एक नवरा-बायको होते, देवळीकडचे मामा-भाचे होते. मग 'जोड्या' नावाचा एक संच केला आणि प्रत्येक जोडीला एकच पाळी मिळावी अशी अट घातली. आता ती सगळ्यांची अट झाली. तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

पावसाळाभर ते वेळापत्रक झकास चाललं. राकेशनं फळा भिंतीवरून काढून कोपऱ्यात ठेवला. दिवाळीनंतर मात्र एक मशीन बिघडलं, आणि त्याच सुमारास नवे रुग्ण आले. त्यात केळझरची रोशनी होती. कोवळी पोर, अंगावर पिणारं लेकरू घरी सासूजवळ ठेवून यायची, तिला सकाळचीच पाळी हवी होती. नंदिनीनं फाइलीत नावं घातली आणि मॉडेल चालवलं. उत्तर आलं: इन्फीझिबल. म्हणजे या साऱ्या अटी एकदम पाळता येतील असं वेळापत्रकच नाही. सॉल्व्हर चुकला असं त्यात म्हणता येत नाही. जगच तेवढं अपुरं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नेमक्या कोणत्या अटी एकमेकींच्या पायात येतात, तेही सॉल्व्हरला विचारता येतं. तिनं विचारलं. गाठ अगदी लहान निघाली: पाळ्यांतली मशीनं, दोन डायलिसिसमधलं अंतर, रोशनीनं आणि आणखी काहींनी मागितलेली सकाळ, आणि कवडूजी-चंद्रभानजींची जोडी. पहिल्या दोन्हींना हात लावायचा प्रश्नच नव्हता. मामा-भाचे नाहीत, नवरा-बायको नाहीत, नेमका तिचाच बाप त्या गाठीत सापडला.

राकेश म्हणाला, "राहू द्या ना मॅडम ती जोडी. मी दुसऱ्या कोनाले तरी इचारून पाह्यतो. कोनी ना कोनी सरकन."

"माझे वडील आहेत म्हणून दुसऱ्यानं सरकायचं?" नंदिनी म्हणाली. "ते नको."

तिनं अट पुसली नाही. तिला वजन दिलं. म्हणजे पाळता आली तर पाळायची, नाही जमलं तर मोडायची, आणि मोडल्याबद्दल उत्तराच्या हिशेबात थोडासा दंड धरायचा. किती दंड, ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. तिनं सगळ्यात हलकं वजन दिलं. सॉल्व्हरनं जोडी तिथल्या तिथं फोडली. चंद्रभानजींना मंगळवार-शुक्रवारची सकाळ आली आणि कवडूजींना सोमवार-गुरुवारची दुपार.

तिनं फोन केला तेव्हा कवडूजींनी आधी दोघांचे वार पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, "त्याले एकट्याले जमन नाई, बाई."

"चिंधू काकाले दारातून उचलन अन् दारात सोडन. मी बोलली त्याच्यासंग. काईच तरास होनार नाई."

"बरं," कवडूजी म्हणाले.

आयुष्यभर मुकादमाला जे "बरं" म्हटलं, तेच ते होतं. लेकीला ते ओळखता यायला हवं होतं. पण ती शिकली-सवरली, तिला प्रश्न सोडवता येत होते, आणि समोर आलेला प्रश्न तिनं सोडवला होता.

मंगळवारी चिंधूनं दारात ऑटो उभा केला. चंद्रभानजी ओसरीवरूनच म्हणाले, "आज पाहुने येनार हायेत. शुक्रवारी पाहू." शुक्रवारी ते गेले. पुढच्या मंगळवारी नाही गेले. राकेशनं फोन केला तर आवाज ठणठणीत: "येतो ना भाऊ, उद्याच येतो." सुरतेच्या मुलाला सांगितलं, "जाऊन राह्यलो ना बाप्पा." आणि संध्याकाळी कवडूजी पारावर भेटले की त्यांनाही तेच. कवडूजींनी सुजलेले पाय पाहिले, शिव्या घातल्या, हात धरून ओढलं. पण ज्या सकाळी ओढायचं ती सकाळ चंद्रभानजींच्या एकट्याच्या वाराची, आणि त्या ऑटोत कवडूजींना जायचं नसायचं. ते एकदा आपला वार नसताना संगतीनं गेले, चार तास बाहेरच्या बाकावर बसले, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठू शकले नाहीत. नंदिनीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. पोरीनं मोठ्या मेहनतीनं लावलेलं वेळापत्रक होतं.

मॉडेलात एक गोष्ट आधीच धरलेली होती, आणि ती कुठंही लिहिलेली नव्हती: जागा दिली म्हणजे माणूस येणार.

चंद्रभानजी गेले तो गुरुवार होता. पाणी छातीत भरलं. गाडी बोलावली, ती गावाच्या वेशीपर्यंतसुद्धा पोचली नाही. चिंधू निरोप घेऊन केंद्रात शिरला तेव्हा कवडूजी मशीनवर होते. दोन्ही सुया हातात, रक्त नळ्यांतून फिरत असलेलं. त्यांना उठता येईना. राकेशनं त्यांना मशीनवरून लवकर सोडवायची तयारी केली तर ते म्हणाले, "राहू दे. आता घाई कायची?" आणि उरलेला सगळा वेळ ते छताकडे बघत पडून राहिले. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि मोकळ्या हातानं ते त्यांनी पुसलंही नाही.

मातीवरून आल्यावर नंदिनीनं त्यांना पाणी दिलं. मोजकंच, जेवढं त्यांना चालत होतं तेवढं. मग न राहवून म्हणाली, "बाबा, मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं ना, बाई. एकाच पाळीत टाकजो म्हनलं होतं."

"पन काऊन ते नाई सांगतलं."

कवडूजींनी पेला खाली ठेवला. "काय सांगू? त्याची इज्जत होती. त्याची रुख्माबाई गेल्यापासून त्याले जगायचंच नव्हतं. दर खेपेले म्हने, मी येत नाई, तू जा. मी त्याच्या ओट्यावर बसू. म्हनू, तू नाई आला तं मी बी नाई जात, मरू मंग दोघं. मंग तो शिव्या देत उठे अन् पायतान घाले. माह्यासाठी ये तो. सोताच्यासाठी एक दिवस नाई गेला." मग ते म्हणाले, "माहा वार वेगळा झाला. मंग म्या त्याले कायचा धाक दाखवू? त्याले मालूम होतं, मी तं जाईनच."

नंदिनी रडली. बापासमोर लहानपणानंतर ती कधी रडली नव्हती. एवढा हिशेब करणारी पोर, पण ऑटो एक आहे एवढंच तिनं ऐकलं होतं. राकेश दुसऱ्या कुणाला सरकवतो म्हणाला होता, आणि तो नक्की सरकवू शकला असता. आपण लबाड असतो तर काका आज पारावर बसले असते, असं तिच्या मनात आलं, आणि ते खोटं म्हणून झटकून टाकायला तिला काहीच सापडेना.

कवडूजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात राकेशचा फोन आला. तो बिचारा फार ओशाळून बोलत होता. वेळापत्रक नव्यानं लावावं लागणार होतं. नंदिनीनं लॅपटॉप उघडला आणि रुग्णांच्या नावांतून चंद्रभान हे नाव काढलं. एवढंच करायचं असतं. मॉडेलात एक अक्षर बदलावं लागत नाही.

मॉडेल चाललं नाही. पडद्यावर चूक दाखवली गेली: जोड्यांमध्ये कवडू आणि चंद्रभान ही जोडी आहे, पण चंद्रभान रुग्णांमध्ये नाही. मोडलेली का होईना, ती जोडी फाइलीत तशीच होती. तिनं ती ओळ किती तरी वेळ पाहिली. मग स्वतःच्या हातानं पुसली.

आता उत्तर चटकन आलं. दंड शून्य. रोशनीला हवी ती सकाळ, मामा-भाचे एकत्र, कुठं काही अडलेलं नाही. कवडूजींना मंगळवार-शुक्रवारची सकाळ मिळाली होती. दुपारच्या उन्हात घराबाहेर पडावं लागणार नाही, म्हणून तिनं मागं कधी तरी म्हाताऱ्यांना सकाळ बरी असं लिहिलं होतं, ते सॉल्व्हरनं इमानानं पाळलं होतं.

ती गावी गेली आणि बाबांना सांगितलं, "सकाळची पाळी भेटली तुमाले. मंगळवार-शुक्रवार."

"चंद्रभानची?" कवडूजींनी विचारलं.

तिनं हो म्हणून मान हलवली.

"मले नको ते, बाई. मी हाये तिथंच बरा हाये. त्याच्या जाग्यावर मले नको टाकजो."

ती उठली, आतल्या खोलीत जाऊन बसली आणि अट लिहिली. एकाच माणसाची, नावानिशी, अशी अट तिनं आजवर कधी लिहिली नव्हती. तिला वजन दिलं नाही. मोडायचीच नाही, असं लिहिलं. का, हे तिनं बाबांना विचारलं नाही. उत्तर पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा जरा वाईट. मंगळवारच्या सकाळी एक मशीन रिकामं राहत होतं. चार-आठ दिवसांत तिथं कुणी तरी नवा रुग्ण येणारच होता, आणि त्याचं नावही तिलाच घालायचं होतं.