बाईंचं इन्सुलिन

अकोल्याच्या उन्हाचा विषय निघाला, की मला एक इन्सुलिनची बाटली आठवते. तिच्यापायी मी एका भल्या माणसाला दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवलं होतं, तेही आठवतं. नावं कुणाचीच सांगत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

मे महिना होता. सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तोच एक तरुण नोकरदार तणतणत आत आला. त्याची आई दर्यापूरला एकटी राहायची. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. रोज इन्सुलिन घेऊनही साखर इतकी चढली, की त्या बेशुद्ध पडल्या. त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात आणलं होतं.

"त्या मेडिकलवाल्यानं डुप्लिकेट माल देल्ला साहेब! माही माय मरून राहिली, अन् तो दुकान उघडून बसला!"

मेडिकलवाला जुन्या शहरातला, साठीचा, तोंडाने फटकळ. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही दुकान तपासलं. बिलं बरोबर, बॅच नंबर बरोबर. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलेलं. इतकं नीटनेटकं रजिस्टर दिसलं, की पोलिसाला आधी संशयच येतो. नमुने तपासणीला गेले आणि मी त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"फ्रिज कधी बंद ठेवता?"

"कधीच नाही."

"लाईट गेली तर?"

"इन्व्हर्टर आहे. पाहून घ्या."

संध्याकाळपर्यंत तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मले कितीबी बसवा. पन बाई कशा आहेत, ते कोनी सांगून नाही राहिलं."

इतक्या वर्षांत एकाही भामट्याने आपण फसवलेल्या माणसाची तब्येत मला विचारली नव्हती. मी त्याला घरी सोडलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गल्लीने त्याला बाकावर पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं.

दवाखान्यात दुसऱ्या बाटलीतलं इन्सुलिन दिल्यावर बाईंची साखर उतरू लागली. डॉक्टरांनी मात्र मला बजावलं, "घरी जाऊन पुन्हा तसंच इन्सुलिन घेतलं, तर या वेळेसारखं नशीब साथ देईलच असं नाही." म्हणजे दोष कुठे आहे, हे बाईंना सुट्टी मिळायच्या आत सापडायला हवं होतं.

बाई रोजची साखर वहीत लिहायच्या, हे मुलाकडून कळलं. वही मागवली. मोत्यासारखं अक्षर, एकही दिवस सुटलेला नाही. हिवाळाभर आकडे ठीक होते. होळीनंतर चढायला लागले ते चढतच गेले. दुकान तेच, फ्रिज तोच, मग बदललं काय? ऊन!

मुलाला विचारलं, "औषध दर्यापूरला जातं कसं?"

"मी फोन करतो, मेडिकलवाले काका दर्यापूरच्या प्रवासी जीपवर देतात."

आमच्या वऱ्हाडात जीपवर काय जात नाही? डबा जातो, चष्मा जातो, लग्नाच्या पत्रिका जातात. मीही लहानपणापासून हेच पाहत आलो होतो, म्हणून तर विचारायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक पुडकं नेहमीसारखं पाठवायला लावलं आणि साध्या कपड्यांत त्याच जीपमध्ये पुढे बसलो. मेडिकलवाल्याने बर्फ घालून बांधलेला थर्माकोलचा डबा ड्रायव्हरच्या हाती दिला. दुकान नजरेआड होताच ड्रायव्हरने डबा उघडला, बर्फ रस्त्यावर ओतला, बाटलीचं खोकं स्वच्छ रुमालाने पुसलं आणि दोन्ही हातांनी समोरच्या काचेखाली, देवाच्या फोटोपाशी ठेवलं. मी तिथे हात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"इथं काहून ठेवलं रे?"

"बाईचं औषध हाय भाऊ. मले चौथीत व्हत्या त्या. खाली ठेवलं तं कोनाचा पाय लागन. अन् बरफाच्या पान्यानं वल्लं झालं, तं बाईले कसं देऊ?"

मी कोण ते सांगितलं आणि बाईंचं काय झालं तेही. त्याने जीप बाजूला घेतली आणि तो स्टेअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

बाई वाचल्या. शुद्धीवर आल्यावर सगळं ऐकून त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "त्याले रागावू नका. वह्या भिजवून आनायचा तो. कोरडं ठेव, म्हनून मीच रोज ओरडत होती."

नमुने निर्दोष आले. मी वर्दीत त्या मेडिकलवर गेलो आणि चार माणसांदेखत काउंटरवर माफी मागितली. तो नेहमीच्या फटकळपणे म्हणाला, "चूक माझीबी आहे. पेशंटले सगळं सांगतो, पन नेनाऱ्याले कधी सांगितलं नाही." तेव्हापासून तो औषध नेणाऱ्याकडून सूचना पाठासारखी वदवून घेतो, मगच डबा सोडतो.

मी आयुष्यभर गुन्ह्यामागे लोभ शोधला. इथे सगळा घोळ मायेने केला होता, आणि मायेलाही नीट समजावून सांगावं लागतं, हे मी तिथे शिकलो.

शिकलो म्हणतो खरं. निवृत्तीनंतर गेल्या उन्हाळ्यात दर्यापूरला निघालो होतो. जीप तीच, ड्रायव्हर तोच, आता केस पिकलेला. त्याने मला ओळखलं नाही. मी पुढे बसलो आणि बायकोच्या इन्सुलिनचा डबा सवयीने काचेखाली ठेवला. त्याने गाडी चालू करायच्या आधी तो उचलला, आपल्या सीटमागच्या सावलीत नीट बसवला आणि मला दटावलं, "काका, तिथं नका ठेवू. मानूस मरते."