उन्हात आखडणारी आयाळ

बिरामामाच्या मुलखाचं नाव मला आजवर नीट उच्चारता आलेलं नाही. त्यात मध्येच घशातून एक गुरगुर काढावी लागते आणि माणसाच्या घशाला ती जमत नाही. लहानपणी मी खटपट करायला लागले की मामा हसायचा. तो हसला की सगळे दात दिसतात. नवा माणूस दचकतो. मी ते दात बघतच मोठी झाले.

मामा मानेपासून वर लांडगा आहे आणि खाली माणूस. अंगभर करडी लव, डोक्यापासून पाठीवर उतरलेली आयाळ, आणि उंची अशी की आमच्या दारातून येताना त्याला दोनदा वाकावं लागतं, एकदा कपाळासाठी आणि एकदा कानांसाठी. त्याच्या मुलखात तो लढवय्या होता. आमच्याकडे मेंढरं राखतो. म्हसवडात कुणाला विचारलंत तर "हरणाबाईचा भाऊ व्हय?" एवढंच म्हणतील. हरणाबाई माझी आई.

तो आला तेव्हा मी झोळीत होते, त्यामुळे हे सगळं आईकडून ऐकलेलं. उन्हाळ्याचे दिवस होते. मेंढरं गावाबाहेरच्या माळावर बसवली होती. उजाडताना आप्पा, म्हणजे माझे वडील तानाजी, उठून बघतात तर मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीबाहेर हा बसलेला. हातात मोडका भाला, अंगात ताप. कुत्री भुंकायचं सोडून लांब उभी.

"आवं, दगूड घ्या की हातात!" आई ओरडली.

आप्पांनी दगड घेतला नाही. "जरा बघ तरी. पोट पाठीला लागलंय. कोकरू हातभर लांब हाय आनि ह्यानं जाळीला बोट लावल्यालं न्हाई. ह्यो लांडगा न्हाई. ह्यो पावना हाय."

रविवार होता, बिरोबाचा वार. म्हणून त्याचं नाव बिराप्पा ठेवलं आणि पालात आणून निजवलं. मग आईनं जे केलं त्याचा तिला पुढं सारा जन्म घोर लागला.

धनगराच्या घरात मेंढरू तापलं की आधी लोकर उतरवतात, अंगाला वारा लागू देतात. पाहुण्याची आयाळ मांडीपर्यंत आलेली, घामानं चिकटलेली, तिच्यात कुसळं नि गोचिडी. आईनं कातर घेतली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन, मेंढरू भादरावं तशी ती मानेपर्यंत उतरवली. केस पोत्यात भरून ठेवले. लोकर कुणाचीही असो, आमच्यात टाकत नाहीत.

ताप उतरला. मामा शुद्धीवर आला आणि त्याचा हात मानेमागं गेला. आई सांगते, त्यानं जो आवाज काढला तसा तिनं परत कधी ऐकला नाही. गावातली सगळी कुत्री त्याला ओ देत होती. त्यानंतर त्यानं बरेच दिवस तोंडात घास घेतला नाही. आईला वाटलं, कातर लागली असेल.

खरं काय ते कळायला जवळजवळ वर्ष गेलं, तोवर मामाला आमची बोली आली होती. मेंढरांनाही त्याची सवय झाली होती. पहिले काही दिवस ती त्याला बघून एकमेकांवर चढायची. मग हा बाबा लेंड्यांच्या ढिगात लोळून आला. "शत्रूच्या छावणीत शिरताना आमी असंच करतो," म्हणाला. त्या दिवसापासून कोकरं त्याच्या पायांत घोटाळायला लागली.

दर वर्षी आमचा कळप तासगावकडं उतरायचा. तिथं सयाजीकाकांच्या द्राक्षबागेशेजारच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, हे आप्पांच्या वडिलांपासून ठरलेलं. सयाजीकाका फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मामाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी तोंडाकडं बघितलंच नाही, पायांकडं बघितलं. मामा उभा राहिला की टाचा आपोआप जुळतात.

"पलटन कुठली?" त्यांनी चहाचा पेला पुढं करत विचारलं.

"उत्तरखिंडीची," मामा म्हणाला.

"रिटायर?"

"न्हाई. हाकलला."

"आसं काय केलंस?"

"कैदी हुते. हरीणकुळाच्या बाया नि पोरं. राजा म्हनला, उजाडायच्या आत कापा. माझा पहारा हुता. मी खिंडीचं दार उघडं ठिवलं."

सयाजीकाकांनी आपला पेला खाली ठेवला. "मग? कोर्टमार्शल?"

"भर चौकात आयाळ कापली. म्हनले, परत गुडघ्याला टेकंल तवा वेशीवर ये. तवर तोंड दाखवू नगंस."

"आमच्यात पेन्शन बंद करत्यात. तू केसांवर सुटलास गड्या!"

मामा असा हसला की शेजारच्या बागेत छाटणी करणारी माणसं कात्र्या टाकून पळाली.

आई मात्र हसली नाही. ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. हातातली भाकरी तशीच परातीत ठेवून ती उठली आणि मामासमोर येऊन उभी राहिली. "मांडीपतूर आली हुती. वीतभर ऱ्हायली हुती. मी कापली."

"आक्का, तुमाला काय ठावं."

"तू पोरं वाचवलीस म्हनून घरातनं गेलास. आनि मी तुझी वाटच कापली."

मामानं परातीतली भाकरी उचलून तव्यावर टाकली. त्याला राग आलेला मी कधी बघितला नाही, पण गप्प राहणं त्याला फार चांगलं येतं.

त्या वर्षी आईनं पोत्यातले केस बाहेर काढले. त्यात काळ्या मेंढराची लोकर मिसळून चालता चालता चातीवर सूत कातलं आणि म्हसवडच्या सणगराकडून त्याची घोंगडी विणून घेतली. त्याचे केस निदान त्याच्याजवळ राहावेत, असं तिला वाटलं असेल. मामानं ती माझ्या अंगावर टाकली. मी तीच पांघरून वाढले. पावसात भिजली की तिला मेंढराचा वास यायचा आणि त्याच्याखाली दुसरा एक, धुरासारखा, गार. मामा म्हणायचा, तो बर्फाचा.

"बर्फ कसा असतो मामा?"

"पांढरी मेंढरं आभाळातनं उतरल्यावानी. आवाज न्हाई, काय न्हाई. सकाळी उठून बघावं तर समदं रान बसल्यालं."

खिंडीतल्या चुली, तिथं हाडाच्या बासऱ्या वाजायच्या ते, त्याची म्हातारी आई सुळ्यानं अक्रोड फोडायची ते, सगळं त्यानं इतक्या वेळा सांगितलंय की कधी कधी मला वाटतं मीच तिथून आले. एकदा तासगावहून म्हसवडला येताना एसटीत कंडक्टर म्हणाला होता, "जनावर न्यायला बंदी हाय." मामा म्हणाला, "मग मानसाचं फाडा की." सगळी गाडी हसली. कंडक्टरनं फुल्ल तिकीट दिलं. ते तिकीट मामानं पटक्यात खोचलं आणि मला हळूच म्हणाला, "आमच्याकडच्या दारावर पन असंच इचारत्यात, कोन म्हनून."

आयाळ वाढत होती. आई दर दिवाळीला त्याला उटणं लावायची तेव्हा डोळ्यांनीच ती मोजायची. एकदा ती गुडघ्याच्या अगदी वर, चार बोटांवर आली. आईनं त्याच्यासाठी शिदोरीची नवी पिशवी शिवली. त्याच वर्षी आप्पा गेले. शेवटच्या घटकेला माझी ती घोंगडीच त्यांच्या अंगावर होती. उन्हाळा सरला आणि बघतो तर आयाळ वर गेलेली.

"ऊन लागलं की आखडते," मामा म्हणाला. "कातडं न्हाई का आखडत?"

पुढं हे दर दोन-तीन वर्षांनी व्हायला लागलं. गुडघ्याजवळ आली की एखादा उन्हाळा असा जायचा की ती पुन्हा मांडीवर. आई माणदेशाच्या उन्हाला शिव्या घालायची. मी सांगलीला इंजिनिअरिंगला गेले, तिथं पदार्थ कशानं प्रसरण पावतात आणि कशानं आकुंचन, हे शिकले आणि सुट्टीत घरी येऊन मामाला म्हणाले, "मामा, केस उन्हानं आखडत नाहीत."

"तुमच्याकडचं न्हाईत आखडत," मामा म्हणाला आणि मेंढरांकडं निघून गेला.

आता मी कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करते. मामाची आयाळ पांढरी झाली. आईचे गुडघे गेले. यंदा दिवाळीनंतर तिनं ठरवलं की तासगावला उतरायचं नाही आणि कळपातली निम्मी मेंढरं भावकीला देऊन टाकायची. फोनवर मला म्हणाली, "माझ्यामागं बिराप्पाला कोन हाय? तू तिकडं. त्याला त्याच्या घरी घालवला की मी सुटले."

मी रविवारी गाडी काढून म्हसवडला गेले. अंगणात चुलवण पेटलेलं, त्यावर मोठ्या पातेल्यात कढत पाणी, आणि पाण्यात ती घोंगडी. सणगरानं तिला चिंचोक्याची खळ घातलेली, ती सुटावी म्हणून आई तिला उकळत होती. एक काठ तिनं उसवलाही होता. मांडीवर ओल्या धाग्यांचा गुंता, आणि त्यातून ती एकेक करडा केस ओढून बाजूला ठेवत होती.

"आई! हे काय करतेस?"

"मागं बोलता बोलता बिराप्पा म्हनला. लढाईत केस तुटलं तर आपलंच केस गुंफून आनल्यालं वेशीवर चालत्यात. आता सांग, त्याचं केस हैत कुठं? हितंच हैत की. वीतभर कमी पडतंय. गुंफून देते."

"अगं, आप्पा यातच..."

"तुझा आप्पा आसता तर त्यानंच आधी उसवायला घेतली असती."

 मी तिच्याजवळ बसले आणि केस वेगळे करायला लागले. लोकरीचा धागा बोटांना कुरळा लागतो, मामाचा सरळ. अर्धी घोंगडी अशी उतरली. मी लहान असताना दातांनी चावलेला काठही गेला.

दिवस कलताना मामा मेंढरं घेऊन आला. फाटकाशीच थांबला. नाक वर करून त्यानं वास घेतला. भिजलेल्या घोंगडीचा तो वास त्याला मैलावरून ओळखू येतो. मग आईच्या मांडीवरचा गुंता बघितला आणि येऊन तिच्यापुढं बसला.

"आक्का, ठिवा ते."

"गप. डोकं फुडं कर."

"आक्का, उनानं न्हाई आखडत."

आईचे हात थांबले.

"मी कापतो," मामा म्हणाला. "तुमच्याच कातरीनं. तासगावात सुभेदार हातभार लावायचं, मागचं माझ्या हाताला येत न्हाई. दाजी गेलं त्या उन्हाळ्यात पयल्यांदा. मेंढ्या व्यायला झाल्या हुत्या, पोरगी ल्हान. म्हनलं, परत वाढली की जाऊ. तवर पोरीची धाव्वी आली. मग तिचं कॉलिज." तो मातीत नखानं रेघा ओढत होता. "मग एकदा काय बी कारन नव्हतं. तरी बी कापली."

 मला वाटलं आई रडणार. तिनं हातातला ओला गुंता उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला.

"मुडद्या! इतकी वर्सं मी देवापुढं नाक घासतिया, माझ्या हातनं पाप झालं म्हनून! शिदोरीच्या तीन पिशव्या शिवल्या!"

"पिशव्या चांगल्या हैत. मी तंबाखूला वापरतो."

"आनि तो सुभेदार! भेटू दे त्याला!"

"मी त्यास्नी शपथ घातली हुती. आवं, सांगितलं असतं तर तुमी मला ढकलून घालवलं असतं. त्या दिशी चुलीपास्नं उठून आलासा तवाच मला कळलं हुतं."

ते खरं होतं आणि आईला ते ठाऊक होतं. मीच विचारलं, "मामा, तुला तुझ्या मुलखाची आठवण येत नाही?"

"रोज येती गं." नाकावर अडकलेला केस त्यानं काढला. "म्हातारी आता नसंल. खिंडीत कोन वळखंल? मला बर्फ पायजे. आनि हितल्या मेंढ्या बी पायजेत. दोनी कसं हुयाचं?"

आईनं पदरानं हात पुसले. "प्रांजल, आतनं कातर आन."

मी आणली. मामा तिच्यापुढं पाठ करून बसला, मांडी घालून. भादरताना मेंढरं बसतात तसाच, कान पाडून. आईनं त्याचं डोकं गुडघ्याला टेकवून घेतलं आणि पहिली बट कापली. या वेळी त्यानं आवाज काढला नाही. फक्त एकदा म्हणाला, "बारीक करू नगा, थंडी वाजती."

"पयल्या वख्ताला न्हाई वाजली?"

"तवा ताप हुता."

उसवलेल्या अर्ध्यासाठी आईनं या वेळी उतरलेल्या पांढऱ्या आयाळीचं नवं सूत कातून सणगराला नेऊन दिलं. त्यानं घोंगडी पुन्हा पुरी करून दिली. एक बाजू काळसर करडी, दुसरी पांढरी. पांढऱ्या बाजूला बर्फाचा वासच नव्हता. मामानं ती नाकाशी धरून बघितली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि दुमडून, काळी बाजू वर करून आईच्या गुडघ्यांवर टाकली.