उकळलेल्या पाण्याचा जास्तीचा महिना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. लपवायचं होतं ते तिच्यापासूनच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. अंबरनाथला आमच्या बुवापाड्यात काविळीची साथ आली; गटाराचं पाणी नळात शिरलं होतं. त्याआधी मी बी.ए. होतो, म्हणजे बेकार. वडील कारखान्यात, मी ओट्यावर पुस्तक घेऊन. सुखी आहेस का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी पान उलटलं असतं.

मग तरुण मंडळानं पथक काढलं. एका पुढाऱ्यानं नळाला हार घालून उद्घाटन केलं. ज्यानं अर्धी चाळ पिवळी केली, त्याच नळाला. माझ्या छातीवर बिल्ला आला आणि जोडीला सुनंदा, पलीकडच्या चाळीतली. रोज सकाळी घरोघर जायचं, हंड्याला हात लावून पाणी उकळलंय का ते पाहायचं. लोक अंथरुणाला खिळलेले आणि मी — कसं सांगू? — मजेत होतो. इतका मजेत आधी कधीच नव्हतो.

पण कबूल करायचंय ते हे नव्हे. सुख काय, वेळ पाहून येतं का?

एक दिवस पाणी तपासणारा माणूस मला म्हणाला, "पाणी साफ झालंय. आता उकळायची गरज नाही, सांगून टाका सगळ्यांना." मी मान डोलावली. आणि — सांगितलं नाही. महिनाभर. सांगितलं असतं, तर दुसऱ्या सकाळी सुनंदाबरोबर कुठल्या निमित्तानं फिरलो असतो?

गंगूमावशी एकटी राहायची, रेशनच्या रॉकेलवर. मी तिच्या हंड्याला हात लावला. गरम होता.

"उकळलंय बघ," ती म्हणाली. "रॉकेल तेवढंच होतं. भात राहिला आज. अजून किती दिवस रे, साहेब?"

"थोडेच, मावशी."

सुनंदानं तिचा हात हातात घेतला. मी वहीत बरोबरची खूण केली.

शेवटी मंडळानं माझा सत्कार केला — साथ ओसरल्यावरही दक्ष राहिल्याबद्दल शाल आणि नारळ. टाळ्या वाजवायला मावशी पहिल्या रांगेत.

पुढे नोकरी लागली, सुनंदाशी लग्न झालं. संसार चांगला झाला. मी सुखी आहे, ते कशाला नाकारू? मावशी गेली. तिला सांगायचं राहून गेलं — नाही, राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.

सुनंदा अजून रोज सकाळी पाणी उकळते. तेव्हापासूनची सवय, म्हणते. मी ते निवेपर्यंत थांबतो, आणि पितो.