तीन गोळ्यांची हमी

"तुझ्या रायफलीला कंपनीची हमी आहे. तुला कोणाची आहे?" असं तो मला दहा-बारा माणसांदेखत म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. परक्या भाषेत आपल्यावर विनोद झाला की आधी हसायचं आणि मग घरी जाऊन संतापायचं, ही सवय मला तोवर लागली होती. घरी मी भांडी इतकी आपटली की नवरा लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात आला.

"कोण?" त्याने विचारलं.

"श्पोर्टलायटर."

"तू त्याला सोडणार नाहीस ना?"

"नाही."

"मग आधी जेवून घे."

आम्ही जर्मनीत नेकारसुल्मच्या जवळच्या एका गावात राहतो. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मोजमापाच्या खोलीत काम करते. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवली होती, आणि त्यात मी बरी होते. इथे गावातच नेमबाजीचा क्लब आहे हे कळल्यावर राहवलं नाही. वर्षभर क्लबच्या रायफलींवर सराव केला, परीक्षा दिली, परवाना मिळवला, झोपायच्या खोलीत तिजोरी बसवून घेतली, आणि मग स्वतःची रायफल घेतली. कुठली घ्यायची ते श्पोर्टलायटरने, म्हणजे क्लबच्या क्रीडाप्रमुखानेच सांगितलं. सराव आणि संघनिवड त्याच्याच हातात असते. साठी ओलांडलेला, तीस वर्षं क्लबात असलेला माणूस. त्याच्याकडे हेच मॉडेल होतं.

खोक्यात रायफलीसोबत एक कार्ड आलं. कंपनीची हमी अशी, की शंभर मीटरवर तीन गोळ्या पंचवीस मिलिमीटरच्या आत बसतील. पुरावा म्हणून कार्डावर माझ्याच रायफलीने पाडलेली तीन भोकं होती, अठरा मिलिमीटरमध्ये. श्पोर्टलायटरचं असंच कार्ड क्लबात बिअरच्या काउंटरमागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते दाखवायचा.

माझी रायफल मात्र माझ्या हातात कधी वीस दाखवायची, कधी पस्तीस, एकदा चाळीस. वीसचा पुंजका पडला की तो मागून म्हणायचा, "बघ, रायफल किती छान आहे." पस्तीसचा पडला की म्हणायचा, "श्वास. तुझा श्वास चुकतोय." म्हणजे चांगलं पडलं तर श्रेय रायफलीचं आणि वाईट पडलं तर दोष माझा. आठ महिने मी हे खरं मानलं. खांदा दुखेपर्यंत सराव केला, चहा सोडला, चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला. मनातून मी स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाले होते.

जिल्ह्याच्या सामन्यांसाठी आमच्या क्लबाचा चौघांचा संघ असतो. तिघं ठरलेली होती. चौथी जागा श्पोर्टलायटरला मिळणार की मला, एवढाच प्रश्न होता. आमचे गुण जवळजवळ सारखे होते. मला ती जागा इतकी हवी होती की कामावर मी तारखा मोजत बसायची. त्या दिवशी त्याने चौथं नाव स्वतःचं लिहिलं. मी कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला की दोघांची रायफल एकच, हमी एकच, तेव्हा उरलेला फरक माणसाचा. आणि मग ते हमीचं वाक्य आलं.

पुढच्याच आठवड्यात मी कामावर एका पुरवठादाराला फोनवर झापत होते. त्याने नव्या साच्यातून काढलेले तीन भाग पाठवले होते, तिन्ही अगदी मापात, आणि तो मंजुरी मागत होता. मी म्हणाले, "तीन नगांवरून मी काय समजू? तुम्ही चांगले तीन निवडून पाठवले नाहीत कशावरून? सलग पन्नास पाठवा." फोन ठेवला आणि माझी कानशिलं तापली. पुरवठादाराकडून जे मी दोन मिनिटंही ऐकून घेतलं नसतं, ते बंदुकीच्या कंपनीकडून मी आठ महिने उराशी धरून बसले होते. का, तर कार्डावर शिक्का होता. सर्टिफिकेट दिसलं की मान खाली घालायची, ही आमच्या शिक्षणाची खोड आहे.

मी बंदुकीच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आणि सविस्तर आलं. चाचणी बंद बोगद्यात होते, वारा नसतो. रायफल पकडीत आवळलेली असते, खांद्यावर नसते. गोळ्या त्यांनी त्या रायफलीसाठी निवडलेल्या असतात. तीन मारतात आणि थांबतात. गिऱ्हाइकाच्या हातात काय होईल याबद्दल हमी काहीही सांगत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. आठ महिने मी जे वाक्य माझ्याविरुद्ध वाचत होते ते माझ्याबद्दल नव्हतंच.

मग मी माझे जुने निशाण्याचे बारा कागद काढले, एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले आणि छत्तीस भोकं एकाच कागदावर उतरवली. मोठं, गोल, बऱ्यापैकी नीटस वर्तुळ दिसलं. श्वास चुकत असता तर भोकं वर-खाली लांबली असती. तशी ती लांबली नव्हती. तीन-तीनच्या तुकड्यांत बघितलं की कधी हिरा आणि कधी कोळसा, आणि एकत्र बघितलं की एक साधी, मध्यम रायफल आणि एक साधी, मध्यम बाई.

मी शांत झाले, आणि शांत झाल्यावर मी जास्त वाईट असते.

आमच्या क्लबाच्या वार्षिक सभेत कोणीही सभासद दोन आठवडे आधी लेखी आंत्राग, म्हणजे प्रस्ताव दिला, तर तो ठराव मतदानाला घ्यावाच लागतो. मी दिला. अर्धं पान, नियमाच्या भाषेत, एकही विशेषण नाही. चौथी जागा दहा गोळ्यांच्या पुंजक्यावर ठरावी, ज्याचा लहान त्याला मिळावी, दोघांनी एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या गोळ्या वापराव्यात, मोजणी कॅलिपरने सर्वांसमोर व्हावी. श्पोर्टलायटर बाजूने हात वर करणार हे मला माहीत होतं. भिंतीवरच्या कार्डावर त्याचा माझ्याहून जास्त विश्वास होता.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो सभेत म्हणाला. "हेच न्याय्य आहे." आणि सगळ्यात आधी त्याचाच हात वर गेला. मी खाली बघून पेनचं टोपण लावलं.

रविवारी सकाळी आधी मी मारल्या. एक्केचाळीस मिलिमीटर. त्याने मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. मग तो बसला. पहिल्या तीन गोळ्या सुरेख पडल्या, एकमेकींना चिकटून. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, माझ्याकडे वळून हसला आणि सवयीने रायफल खाली ठेवून उठायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्याने चौथी गोळी जवळजवळ मारलीच नव्हती. तीन चांगल्या पडल्या की तो उठायचा आणि वाईट पडल्या की नवा कागद लावायचा.

"अजून सात," मी म्हणाले.

चौथी बाहेर गेली. पाचवी तिच्या विरुद्ध बाजूला. सहावीनंतर त्याने टोपी काढली. मी प्रत्येक गोळीचा आनंद घेत होते, हे कबूल करते. आठवी मारायला त्याने इतका वेळ घेतला की कोणीतरी खोकलं.

कागद आणला. मोजणी मीच करावी असं सगळ्यांनी म्हटलं, कारण तो माझा धंदा. चव्वेचाळीस. पुन्हा मोज म्हणाला, पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस. त्याने कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

मग तो माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "हे बघ, तू मोजमापातली आहेस," तो हळू म्हणाला. "मला खरं सांग. तीन मिलिमीटर. हा फरक खरा आहे?"

दहा-दहा गोळ्यांत तीन मिलिमीटरचा फरक काहीच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी निकाल उलटा लागला असता. कामावर कोणी असा फरक दाखवून माझ्याकडून सही मागितली असती, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. तिथे हे फक्त मला माहीत होतं, आणि तो विचारत होता ते फक्त मलाच.

"खरा आहे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, माझ्याशी हात मिळवला आणि रायफल पिशवीत भरायला गेला. मी त्या मोसमात चौथ्या जागेवरून खेळले. खोटं बोलल्याचा पस्तावा कधीतरी होईल म्हणून मी वाट बघितली, पण अजून झालेला नाही.