दर वाक्याआधीचं ‘अहो’

बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात गजानन सरांनी भाषाशास्त्र आणि संगणक यांचा एकत्र एम.ए. अभ्यासक्रम उभा करायला घेतला, तेव्हा भाषावाले त्याला संगणकाचा म्हणत आणि संगणकवाले भाषेचा. बैठकीच्या चहाला मात्र दोघंही हजर.

संगणकाला इथली बोली शिकवायची, तर आधी आवाज हवा. सरांनी बायकोपुढे, निर्मलाबाईंपुढे, रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल ठेवला. कच्ची केळी सोलता सोलता त्या म्हणाल्या, “घरात माझं ऐकत नाही, अन् आता मशीनला ऐकवून राह्यले?” तरी रोज हौसेनं बोलत राहिल्या.

अभ्यासक्रमाला मंजुरी आली, तेव्हा ते ऐकायला निर्मलाबाई उरल्या नव्हत्या.

पहिल्याच प्रात्यक्षिकात ती रेकॉर्डिंगं साफ करताना तृप्ती नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, ह्या बाई हर वाक्याआधी ‘अहो, ऐकता का’ म्हणतात. बीचमध्ये बांगड्या पण वाजतात. काढून टाकू ना?”

बाई कोण, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. वाक्याबाहेरचं सगळं कापायचं, हा नियम सरांनीच लिहिला होता.

“काढा,” सर म्हणाले. “फक्त कापलेलं फेकू नका. एका फाइलीत जोडून मला द्या.”

“त्यात कामाचं काहीच नाही, सर.”

“कामाचं मशीनला राहू द्या.”

संध्याकाळी तापीकाठी राजघाटावर बसून त्यांनी ती फाइल कानाला लावली.

“अहो, ऐकता का?”

“हं, बोल,” सर म्हणाले.

बांगड्या वाजल्या, आणि पुन्हा तेच, “अहो, ऐकता का?” पुढचं बोलणं सगळं कॉलेजात राहिलं होतं.