खुणेपर्यंत पाणी

दिल्लीत, आमच्या द्वारकेच्या घरात बैठकीच्या खिडकीत एक लांब मानेची काचेची बाटली होती आणि तिच्यात मनीप्लँट. मानेभोवती एक बारीक पांढरी रेघ होती. रोपाला पाणी कुठवर घालायचं ते कळावं म्हणून ती असते, असं मला वाटायचं. सोळा वर्षांची होईपर्यंत तसंच वाटत होतं, कारण चौकशा करण्यापेक्षा मला नुसतं बघत बसायला आवडायचं. दर दोन-तीन मिनिटांनी एखादं विमान विमानतळाकडे उतरायचं, बाटलीतलं पाणी एवढंसं थरथरायचं आणि मी त्या थरथरीबरोबर कुठल्या कुठे निघून जायचे.

अशी मुलगी अकरावीच्या केमिस्ट्रीत नापास होणारच. द्रावणाची तीव्रता काढायचं एकही गणित मला सुटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा होईल आणि त्यातही नापास झाली तर सायन्स सोडावं लागेल, असं बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतले. ऑफिसातली फाइल सरकवावी तशी त्यांनी ती बातमी आईकडे सरकवली आणि बूट काढायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले, तर आई कात्री घेऊन खिडकीपाशी उभी. अकरा वर्षांत मुळांनी बाटली गच्च भरली होती, रोप मानेतून वर येईना. तिने वेली कापून स्टीलच्या पेल्यात ठेवल्या आणि आतली मुळं क्रोशाच्या सुईने ओढून ओढून काढली. मग मूठभर तांदूळ आणि पाणी घालून बाटली खळखळून हलवली. मी जेवायचं विसरून बघत होते. काच स्वच्छ झाली तशी तिच्यावरची अक्षरं दिसायला लागली. अडीचशे मिली.

"ही फुलदाणी नाही," आई म्हणाली. "मापाचा फ्लास्क आहे. माझा."

पुण्यात ती एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत द्रावणं बनवायची, एवढं मी उडत उडत ऐकलं होतं. बाबांची बदली झाली तेव्हा तिथल्या मैत्रिणींनी निरोपाला हा फ्लास्क दिला. दोनच वर्षांसाठी चाललेय, असं ती सगळ्यांना सांगून आली होती.

पहिला धडा मिठाचा. अडीचशे मिली पाण्यात साडेचौदा ग्रॅमच्या वर थोडंसं मीठ घातलं की झालं एक मोलरचं द्रावण, असं मी म्हटलं. "कर," ती म्हणाली. मी खुणेपर्यंत पाणी भरलं, केकच्या वजनकाट्यावर मोजलेलं मीठ घातलं, हलवलं. पाणी खुणेच्या वर गेलं. थोडं ओतून टाकते, म्हटलं. त्याबरोबर मीठही जाईल की, ती म्हणाली. मी फ्लास्ककडे बघतच राहिले. इतके दिवस वर्गात जे डोक्यावरून जात होतं, ते त्या बोटभर मानेत दिसत होतं.

आधी मीठ, मग थोडं पाणी, ते विरघळू द्यायचं आणि त्यानंतर खुणेपर्यंत जायचं. शेवटचे थेंब ड्रॉपरने. डोळा रेघेच्या बरोबर समोर हवा, म्हणून आई जमिनीवर गुडघे टेकून बसली. टेबलाच्या पलीकडून मी तिला काचेतून बघत होते. एक डोळा मिटलेला, ओठ दाबलेले. नोव्हेंबरचं धुरकट ऊन पडलं होतं. पाण्याच्या पृष्ठभागाचा खोलगट तळ रेघेवर येऊन टेकला आणि तिने श्वास सोडला. मी तिला त्याआधी कधीच अशी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर ती त्या दुपारी मला फार आवडली.

चार-पाच दुपारी अशाच गेल्या. मग पुस्तकात ॲसिडचं गणित आलं. सल्फ्युरिक ॲसिड, अठ्ठ्याण्णव टक्के, घनता एक पूर्णांक चौऱ्याऐंशी, तर मोलॅरिटी किती? आईने पदर खोचल्यासारखी ओढणी बांधली आणि उत्तर काढलं, दहा. मागच्या पानावर होतं अठरा पूर्णांक चार. तिने पुन्हा केलं, दहा. तिसऱ्यांदाही दहाच. परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि माझं डोकं फिरलं.

"यार आई, तुला काही येत नाही. तू रोपालाच पाणी घाल."

ती उठली आणि कुकर लावायला गेली. मी पुस्तकात तोंड खुपसून बसले. शिट्ट्या झाल्या, विमानं गेली, आणि बोलले ते परत गिळता येत नव्हतं. माफी मी मागितली नाही. लाज वाटत होती, पण माझा ताठा त्या लाजेपेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर टेबलावर जुन्या लग्नपत्रिका पसरलेल्या, प्रत्येकीच्या कोऱ्या बाजूवर तेच गणित. आईने मला समोर बसवलं.

"मी हजार ग्रॅमला एक लिटर धरत होते. इथे येऊन अकरा वर्षं दूध लिटरऐवजी किलोने मागतेय ना." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "एक लिटर ॲसिड भरतं अठराशे चाळीस ग्रॅम. घनता सोडूनच दिली होती मी. पुण्यात झोपेतसुद्धा सोडली नसती."

मग तिने ते मला पहिल्यापासून समजावलं आणि मला समजलं.

मी पास झाले. पेपर घेऊन घरी आले तर तिने मार्क विचारलेच नाहीत. घनतेचं आलं होतं का, एवढंच विचारलं. आलं होतं. माझ्या ओळींवरून बोट फिरवत तिने ते शेवटपर्यंत वाचलं. पेल्यातल्या वेलींना एव्हाना नवी पांढरी मुळं फुटली होती. मला वाटलं, आता जागच्या जागी ठेवाव्यात. मी फ्लास्क उचलला तर आई म्हणाली, "तो राहू दे. लागेल मला." जवळच्या एका शाळेला प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती आणि अर्ज तिने कधीच करून टाकला होता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी डेअरीवर गेलो. दुकानदाराने नेहमीप्रमाणे माप उचलून विचारलं, दो किलो?

"दो लिटर," आई म्हणाली.

"एक ही बात है, आंटीजी."

"नहीं है, भैया," आई शांतपणे म्हणाली. "मैंने हिसाब करके देखा है."

किटली माझ्या हातात होती. ती मी दोन्ही हातांनी पुढे केली.