व्हर्लीनमावशींची खंजिरी

व्हर्लीन टॉलिव्हर आठवडाभर मेम्फिसच्या एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची आणि रविवारी चर्चमध्ये खंजिरी वाजवायची. नवरा वारला, मुलगा कामाला शिकागोला गेला, खंजिरी तेवढी राहिली.

चर्चमध्ये प्रेमाबिमाची गाणी पाप होती. कुणी ती वाजवताना सापडलं, की पाळक बिनियन त्याचं वाद्य काढून घेत आणि त्याला मागच्या बाकावर बसवत. ऑर्गनवाला ओटिस क्रम्प गेल्या हिवाळ्यापासून तिथेच बसलेला होता.

तिचा भाचा ड्युइट एका स्टुडिओत गिटार वाजवायचा. एके दिवशी तिथला खंजिरीवाला मासे धरायला गेला तो आलाच नाही, म्हणून ड्युइट तिच्या दारात हजर झाला.

"मावशे, तबकडीवर वाजवणाऱ्यांचं नाव नसतं. आणि खंजिरीला कुठे तोंड असतं ओळखायला?"

ती गेली. गाणं एका सोडून गेलेल्या पोरीचं होतं. चाल मात्र सरळ चर्चची, त्यामुळे हात आपोआप चालले. मध्येच गाणाऱ्या पोराने रंगात येऊन तळहात वर केला. चर्चमध्ये पाळकांनी तळहात वर केला की सगळं वाजणं बंद होतं, आणि तो खाली येईपर्यंत कुणी श्वासही मोठ्याने घेत नाही. मावशी थांबली. ड्रमवाला, पियानोवाला, ड्युइट, सगळे तशाच चर्चमध्ये वाढलेले. तेही थांबले. पोराने घाबरून हात खाली घेतला, तसे सगळे एकदम सुरू झाले.

मावशी म्हणाली, चुकलं, पुन्हा घेऊ या. काचेमागचा मालक म्हणाला, हात लावायचा नाही याला.

वसंतात ते गाणं गल्लोगल्ली वाजू लागलं. नाव नव्हतं हे खरं, पण ती शांतता कुठली हे चर्चमधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मावशीने खंजिरी पुसून पिशवीत भरून ठेवली. पाळक मागायला आले की देता यावी.

शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात मासे तळणं चाललं होतं. पाळक ताटली घेऊन उभे होते. शेजारच्या न्हाव्याच्या रेडिओवर ते गाणं लागलं. मावशीने कढईतून नजर काढली नाही. गाणं थांबायची ती जागा जवळ आली तशी तिने डोळे वर केले, तर पाळकांचा तळहात आधीच वर गेलेला. मग गाणं थांबलं.

म्हणजे जागा त्यांना पाठ होती.

हे मावशीला कळलं, आणि मावशीला कळलं हे पाळकांना कळलं. गाणं पुन्हा सुरू झालं तरी त्यांचा हात थोडा वेळ वरच होता.

"त्या पोराने हात फार लवकर खाली घेतला," ते म्हणाले. "जरा दम धरायला हवा होता."

"मी पुन्हा घेऊ म्हटलं होतं," मावशी म्हणाली.

पाळकांनी आणखी एक तुकडा मागितला.

रविवारी खंजिरी तिच्याच हातात होती. ओटिस क्रम्प मागच्या बाकावरून उठून ऑर्गनपाशी जाऊन बसला. पाळकांनी त्याला का बोलावलं, हे कुणी विचारलं नाही.